पायी फिरता येईल एवढा प्रभाग

समजा, एका बाईंनी नगरसेवकपदाची निवडणूक लढवायचे ठरवले. त्या नोकरी करतात. संध्याकाळी सहा ते नऊ एवढाच वेळ त्यांच्या हाती असतो. मागे पक्ष नाही, घराणे नाही, कुणा बिल्डरचा हात नाही. शाळेचे पटांगण, तुंबणारे नाले, अर्धवट पडलेला उड्डाणपूल यांचा पाठपुरावा त्यांनी वर्षानुवर्षे केला आहे आणि अर्ज देऊन काही होत नाही हे त्यांना कळून चुकले आहे. प्रचाराचे एकच साधन त्यांच्याकडे आहे: दार वाजवायचे, नाव सांगायचे, समोरच्याचे ऐकायचे. एका दारात पाच मिनिटे धरली, तर एका संध्याकाळी छत्तीस दारे होतात.

आता त्यांचे शहर पुणे आहे असे धरू. २०११ च्या जनगणनेनुसार आजच्या महापालिका हद्दीत साधारण ३४ लाख ८१ हजार लोक राहतात. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत या शहराचे ४१ प्रभाग होते आणि जागा १६५. चाळीस प्रभाग चार सदस्यांचे, एक पाच सदस्यांचा. म्हणजे सरासरी एका प्रभागात ८५ हजार लोक, तेही पंधरा वर्षांपूर्वीच्या मोजणीने. चार माणसांचे एक घर धरले तर २१ हजारांहून जास्त दारे. रोज संध्याकाळी छत्तीस या हिशेबाने, एकही दिवस न चुकवता, बाईंना ५९० दिवस लागतील. दीड वर्षाहून जास्त काळात जेमतेम एक फेरी.

त्याच शहराचे, नगरसेवकांची संख्या तीच ठेवून, १६५ स्वतंत्र प्रभाग केले, तर प्रत्येकात २१ हजार लोक येतील. दारे सव्वापाच हजार. रोज छत्तीस दारे केली तर १४६ संध्याकाळी पुरतात. पाच महिन्यांच्या आत नोकरी करणारी एक बाई आपल्या प्रभागातल्या प्रत्येक घरात एकदा जाऊन येऊ शकते.

माझे म्हणणे या दोन आकड्यांतल्या अंतराबद्दल आहे. चांगली माणसे राजकारणात का येत नाहीत, सुशिक्षितांना शहराची पर्वा का नाही, मतदार जात आणि पैसा बघूनच मत का देतो, यावर आपल्याकडे खूप बोलले जाते. प्रभाग केवढा असावा आणि त्यातून किती जण निवडावेत, हा विषय मात्र राजकीय पक्ष आणि निवडणूक शाखेतले अधिकारी यांच्यापुरताच राहतो. साधा नागरिक उभा राहू शकेल की नाही, याचा बराचसा निकाल तिथेच लागलेला असतो. अर्ज भरायच्या कितीतरी आधी, नकाशावर.

महाराष्ट्रात या नकाशाचे काय झाले ते एकदा ओळीने पाहावे. २००२ मध्ये महापालिकांत तीन सदस्यांचे प्रभाग होते. २००७ मध्ये एक सदस्य. २०१२ मध्ये दोन. २०१७ मध्ये चार. महाविकास आघाडीच्या सरकारने आधी पुन्हा एक सदस्याचा कायदा केला, मग २०२१ मध्ये स्वतःच तो बदलून तीन सदस्य ठरवले. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि पुन्हा चार झाले. मुंबई तेवढी या सगळ्यातून बाहेर राहिली, कारण तिचा कायदाच वेगळा, १८८८ सालचा. आज राज्यातल्या २९ महापालिकांपैकी एकट्या मुंबईत एका प्रभागातून एक नगरसेवक निवडला जातो. बाकी ठिकाणच्या मतदाराला प्रत्येक वेळी नवा प्रभाग, नव्या सीमा आणि मतांची वेगळी संख्या समजून घ्यावी लागते. हे बदल शहराच्या गरजेतून झाले असे कोणत्याही पक्षाने पटेल अशा रीतीने कधी मांडलेले नाही. सत्तेत असलेल्याला त्या वेळी जे सोयीचे वाटले ते झाले, आणि यात कोणताही मोठा पक्ष दुसऱ्याहून वेगळा वागलेला नाही.

चार सदस्यांच्या प्रभागात मतदान कसे होते हे मोठ्या शहरांबाहेरच्या अनेकांना ठाऊक नसते. प्रभागाच्या चार जागा असतात: अ, ब, क आणि ड. प्रत्येक जागेचे आरक्षण स्वतंत्रपणे ठरलेले. उमेदवार त्यांपैकी एका जागेवर लढतो, पण त्याला मत देणारा असतो सगळा प्रभाग. म्हणजे आपल्या बाई ‘क’ जागेवर उभ्या राहिल्या तरी त्यांना पाव प्रभागात फिरून भागत नाही, अख्खे ८५ हजार लोक गाठावे लागतात. मतदार चार मते देतो. पक्षाचे पॅनेल चौघांचे एक पत्रक काढते, चौघांच्या नावाची एक स्लिप वाटते, चौघांत मिळून एक कार्यालय चालवते आणि मतदाराला एवढेच सांगते की चारही ठिकाणी हेच चिन्ह बघा. अपक्षाला त्याच मतदाराला सांगावे लागते की तीन ठिकाणी तुम्हाला हवे ते करा, फक्त या एका जागी हे वेगळे चिन्ह शोधा. शिवाय ते चिन्ह त्याला माघारीची मुदत संपल्यावर मिळते, मतदानाच्या जेमतेम दीड-दोन आठवडे आधी. तेवढ्या दिवसांत ८५ हजार लोकांपर्यंत एक अनोळखी चिन्ह पोचवायचे काम पायी होत नाही. त्याला गाड्या, फ्लेक्स, भोंगे आणि रोजावर आणलेली माणसे लागतात.

मतदानाच्या दिवशीचे गणितही तसेच आहे. प्रत्येक केंद्रावर आत बसायला एक एजंट, बाहेर टेबलाशी दोन-तीन माणसे. प्रभाग चौपट झाला की केंद्रे चौपट होतात. ज्या उमेदवाराकडे चाळीस-पन्नास मनापासून राबणारे शेजारी आणि मित्र आहेत, तो छोट्या प्रभागात सगळ्या केंद्रांवर लक्ष ठेवू शकतो. मोठ्या प्रभागात त्याची माणसे पुरी पडत नाहीत. मग याद्यांतली दुबार नावे आणि दुसऱ्याच्या नावावर होणारे मतदान याकडे बघायलाही त्याच्या बाजूने कुणी नसते.

ही अडचण अपक्षांपुरती नाही. पक्षात पंधरा वर्षे सतरंज्या उचललेला कार्यकर्ताही यात मारला जातो. त्याला त्याच्या वस्तीतले पाच हजार लोक नावाने ओळखतात. एक सदस्याच्या प्रभागात ही ओळख हेच त्याचे भांडवल असते आणि पक्षाला त्याच्याकडे तिकीट घेऊन यावे लागते. चौपट प्रभागात त्या पाच हजारांचे वजन उरत नाही. तिथे पॅनेल कोण ओढणार, चौघांचा खर्च कोण उचलणार, हाच प्रश्न मोठा होतो आणि पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म ते करू शकणाऱ्याच्याच हाती जातो. मला हे नुकसान अपक्षांच्या नुकसानीपेक्षाही मोठे वाटते. कार्यकर्त्यातून नगरसेवक घडण्याची वाट बंद झाली की पक्षालाही गल्लीतून माहिती मिळणे थांबते, आणि मग तो बाहेरून आयत्या वेळी आलेल्या पैसेवाल्यांवर चालू लागतो.

असे अनुभव इतर शहरांनीही घेतले आहेत आणि तिथे ते नीट नोंदले गेले आहेत. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मोबील शहराने १९११ मध्ये तीन सदस्यांचे मंडळ स्वीकारले. तिघांनाही सगळे शहर मिळून निवडून देई. शहरात कृष्णवर्णीयांची संख्या सुमारे एक तृतीयांश होती, पण त्यांच्यातला एकही माणूस दशकानुदशके निवडून आला नाही. कुणी उभे राहायला बंदी केली नव्हती. मतदारसंघ एवढा मोठा होता की एक तृतीयांश मते कुठेच बहुसंख्य होत नव्हती. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८० मध्ये न्यायालयाने सांगितले की भेदभावाचा हेतू सिद्ध झाला पाहिजे. त्यावर बरेच वादंग होऊन १९८२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मतदान हक्क कायदाच सुधारला आणि हेतूऐवजी परिणाम पाहिला जाईल असे ठरवले. १९८५ मध्ये मोबीलमध्ये सात स्वतंत्र विभागांतून निवडणूक झाली आणि कृष्णवर्णीय सदस्य पहिल्यांदा शहराच्या सभागृहात बसले.

आपल्या शहरांत पंधरा हजारांच्या एखाद्या झोपडपट्टीचे हेच होते. एकवीस हजारांच्या प्रभागात ती बहुसंख्य असते. तिथे उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला पाण्याच्या वेळा, सार्वजनिक शौचालये आणि पुनर्वसनाची फाइल यांवर बोलावेच लागते. ८५ हजारांच्या प्रभागात तीच वस्ती अठरा टक्क्यांच्या आसपास येते. सभोवतीच्या सोसायट्यांतली मते जास्त असल्यामुळे त्या वस्तीतून कुणी स्वतःच्या बळावर निवडून येणे जवळजवळ अशक्य होते आणि तिथल्या माणसांची गरज फक्त शेवटच्या दोन रात्री उरते. अनुसूचित जातींसाठी राखीव जागा असते हे खरे, पण त्या जागेवरचा उमेदवारही सगळ्या प्रभागाने निवडायचा असतो. म्हणून वस्तीला जो हवा तोच येईल असे नाही.

दुसरे उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे. हार्वी मिल्क हा कॅमेऱ्याचे दुकान चालवणारा माणूस १९७३ आणि १९७५ मध्ये तिथल्या नगरमंडळाला उभा राहून पडला. तेव्हा सदस्यांची निवड सबंध शहरातून होत असे. मिल्कला स्वतःच्या वस्तीत भरघोस मते पडत, पण शहरभरात तो मागे पडे. १९७६ मध्ये मतदारांनी विभागवार निवडणुकीला कौल दिला. १९७७ मध्ये मिल्क आपल्या विभागातून निवडून आला. उघडपणे समलिंगी असलेला माणूस तिथल्या मंडळावर पहिल्यांदाच आला होता. त्याच निवडणुकीत, त्याच पद्धतीमुळे, आणखीही काही असे चेहरे आत आले ज्यांना शहरभराच्या निवडणुकीत कुणी विचारले नसते. हे सांगताना पुढचेही सांगायला हवे. डॅन व्हाइट हा माजी पोलीस आणि अग्निशामक दलाचा जवानही त्याच वर्षी त्याच्या विभागातून निवडून आला, आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये त्यानेच मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांचा खून केला. १९८० मध्ये शहराने विभागवार निवडणूक रद्द केली. ती पुन्हा यायला २००० साल उजाडले. लहान प्रभाग चांगलीच माणसे निवडतो, असा दावा मी करत नाही. तो त्या त्या भागाला त्याचा स्वतःचा माणूस निवडू देतो, आणि तो कसा निघेल याची हमी कोणतीच पद्धत देत नाही.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. तिथे चाळीस प्रभाग होते, प्रत्येकी तीन सदस्यांचे, एकूण १२० नगरसेवक. एका प्रभागात पंचवीस हजारांहून जास्त लोक. महापालिकेचा कारभार ढासळल्यावर सर बॉब केर्सलेक यांच्याकडे तपासणी सोपवली गेली. डिसेंबर २०१४ मधल्या त्यांच्या अहवालाने इतर अनेक दोषांबरोबर प्रभागांच्या या रचनेवरही बोट ठेवले. २०१८ पासून तिथे ६९ प्रभाग आणि १०१ नगरसेवक आहेत. ३७ प्रभाग एका सदस्याचे, ३२ दोन सदस्यांचे. पंचवीस हजारांचा प्रभाग ज्यांना मोठा वाटला, ते आपल्या ८५ हजारांच्या प्रभागाला काय म्हणाले असते याचा विचार करावा.

आता विरुद्ध बाजू. ती हलकी नाही.

पहिला आक्षेप असा की प्रभाग लहान झाला की नगरसेवक फक्त आपल्या गल्लीचा होतो. फरशा, बाकडी, कमानी आणि नावाच्या पाट्या यांतच त्याचा निधी जिरतो आणि शहराच्या पाण्याचा, कचऱ्याचा, बससेवेचा विचार कुणीच करत नाही. हे घडते, आणि भरपूर घडते. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अनेक शहरांनी वॉर्डनिहाय निवडणूक मोडून शहरभराची पद्धत आणली ती याच कारणाने: वॉर्डांतले दादा लोक मोडून काढायचे होते. मोबीलने स्वीकारलेली पद्धतही याच लाटेतली. पण आपल्याकडे चार सदस्यांच्या प्रभागाने हा दोष गेला का? २०१७ ते २०२२ या काळात ज्यांनी आपापल्या शहरात रस्ते उकरताना पाहिले, त्यांना उत्तर माहीत आहे. फरशा त्याच राहिल्या आणि पाटीवर नावे चार आली. शहराचा विचार सर्वसाधारण सभेत आणि स्थायी समितीत व्हायचा असतो. तिथे सदस्य अभ्यास करून बोलतो का, अंदाजपत्रक वाचतो का, यावर ते ठरते. प्रभागाच्या क्षेत्रफळाशी त्याचा संबंध नाही.

उत्तरदायित्वाचे तर सरळ नुकसान झाले. नाला तुंबला तर चौघांपैकी कुणाला फोन करायचा? चौघे एका पक्षाचे असतील तर आपापसांत भाग वाटून घेतात. ती वाटणी कायद्यात नसते आणि मतदाराला विचारून केलेली नसते. चौघे दोन पक्षांचे असतील तर दोघे दोघांकडे बोट दाखवतात. पाच वर्षांनी मतदाराने कुणाला पाडायचे हेच कळत नाही, कारण केलेल्या कामावर चौघांचा हक्क असतो आणि न केलेल्या कामाचा धनी कुणीच नसतो.

दुसरा आक्षेप आरक्षणाचा आहे आणि तो मला सर्वांत भारी वाटतो. आपल्याकडे निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. २०११ पासून. एक सदस्याच्या पद्धतीत प्रभागाचे आरक्षण सोडतीने बदलते. ज्याने पाच वर्षे एका भागात काम केले, त्याचा प्रभाग एका चिठ्ठीने जातो. चार सदस्यांच्या प्रभागात मात्र महिला, राखीव आणि खुल्या अशा सगळ्या प्रकारच्या जागा सहसा एकाच ठिकाणी मिळतात, म्हणून काम करणाऱ्याला कुठेतरी जागा उरते. हे खरे आहे. त्याची दुसरी बाजू अशी की पॅनेलमध्ये प्रमुख पुरुष एकच असतो आणि राखीव जागांवरच्या दोन स्त्रिया त्याच्या मागे बसवल्या जातात. मतदार त्यांची नावेही नीट ऐकत नाही. एक सदस्याच्या महिला राखीव प्रभागात निदान मैदानात सगळ्या स्त्रियाच असतात आणि निवडून येते ती त्या भागाची एकमेव नगरसेवक. तिच्या नवऱ्याने कारभार हाकायचा प्रयत्न केला तरी सही तिची, जाब तिला आणि सभागृहातली खुर्ची तिची. मला हे स्त्रियांच्या दृष्टीने जास्त मोलाचे वाटते. सोडतीने होणाऱ्या नुकसानीवर उपाय आहे. राज्यघटनेच्या २४३टी या अनुच्छेदात राखीव जागा आळीपाळीने फिरवता येतील असे म्हटले आहे, प्रत्येक निवडणुकीला फिरवाव्यात असे म्हटलेले नाही. एक आरक्षण सलग दोन निवडणुका ठेवले, तर स्त्रीला पहिल्या कामाच्या जोरावर दुसरी निवडणूक लढवता येईल आणि बाकीच्यांना आपली पाळी कधी आहे हे आधी कळेल.

तिसरा आक्षेप असा की लहान प्रभाग विकत घेणे सोपे असते. काही हजार मते, पाकिटे वाटा आणि जिंका. पैसा दोन्हीकडे चालतो. फरक हा की लहान प्रभागात पैशाविरुद्ध उभे राहण्याची एक वाट तरी उरते, दारोदार जाऊन कमावलेली ओळख. मोठ्या प्रभागात तीही बंद होते. मुंबईच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये पहिल्या दोन उमेदवारांना अगदी सारखी मते पडली आणि निकाल चिठ्ठी टाकून लावावा लागला. आणखी एका घरातले एक माणूस मतदानाला उतरले असते, तरी निकाल वेगळ्या रीतीने लागला असता.

मुंबईचेही सगळे आलबेल आहे असे नाही. सव्वा कोटी लोक आणि २२७ नगरसेवक, म्हणजे एकामागे ५५ हजार. बर्मिंगहॅममध्ये हेच प्रमाण अकरा-बारा हजार आहे. उलट टोकाला लॉस एंजेलिस: १९२५ पासून तिथे पंधराच सदस्य आहेत आणि आज एकामागे अडीच लाखांवर लोक येतात. तिथे नगरमंडळाची जागा लढवायला जो पैसा आणि यंत्रणा लागते, ती आपल्या विधानसभेच्या निवडणुकीहून कमी नसावी. म्हणून एक प्रभाग एक नगरसेवक एवढीच मागणी पुरत नाही. शहर वाढेल तसे नगरसेवकही वाढले पाहिजेत. मानधन, केबिन आणि गाडी यांचा खर्च वाढेल ही तक्रार लगेच येते. ती मला मान्य नाही. केबिन आणि गाडी नको असेल तर देऊ नका. प्रतिनिधी मात्र द्या.

एवढे सगळे जमले तरी एक प्रश्न राहतो, आणि तो आपल्यासारख्या लेख वाचणाऱ्यांनाच विचारायचा आहे. प्रभाग लहान झाला तर तुम्ही उभे राहाल का?

शहरांत नागरिकांचे गट पुष्कळ आहेत. टेकडी वाचवणारे, नदी वाचवणारे, पदपथांसाठी भांडणारे, माहिती अधिकारात कागद काढून ठेकेदारांची बिले पकडणारे. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण त्यांतले बहुतेक जण निवडणुकीचे नाव काढले की अंग काढून घेतात. राजकारण आपले क्षेत्र नाही, आपण दबावगट म्हणून बरे, असे म्हणतात. २०२० नंतर आपल्या शहरांत जे झाले त्याने हा समज खोटा ठरवायला हवा होता. नवी मुंबई, छत्रपती संभाजीनगर या शहरांत २०२० पासून आणि मुंबई-पुण्यात मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते. प्रशासकाने अंदाजपत्रक मांडायचे आणि प्रशासकानेच मंजूर करायचे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्यायला सांगितल्या आणि मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे असे घटनेच्या २४३यू अनुच्छेदात स्पष्ट लिहिलेले असताना. त्या काळात दबावगटांची निवेदने जात होतीच. पण निवेदनावर सभागृहात उठून आयुक्तांना प्रश्न विचारणारे कुणी नव्हते. तहकुबीची सूचना देणारे कुणी नव्हते. विषयपत्रिकेतला एखादा प्रस्ताव दप्तरी दाखल करा म्हणणारे कुणी नव्हते.

सभागृहातला एकटा माणूसही काय करू शकतो याचे उदाहरण याच मातीत आहे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. निवडून आलेले नव्हे, त्या काळाच्या पद्धतीप्रमाणे नेमलेले. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी पालिकेचा पैसा खर्च करण्याचा ठराव आला तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला आणि तो पैसा शिक्षणावर खर्च करा असे सांगितले. ठराव मंजूर झाला. विरोधी मत नोंदले गेले ते एकट्या फुल्यांचे. सरकारने नेमलेल्या सभासदाने सरकारच्याच पाहुण्यासाठी होणाऱ्या खर्चाला नकार दिला आणि तो नकार आज दीडशे वर्षांनी आपल्याला माहीत आहे, कारण तो सभागृहात दिला गेला होता.

ज्यांना उभे राहायचे आहे त्यांची एक सवय मात्र बदलायला हवी. नागरिकांचा उमेदवार बहुधा निवडणूक जाहीर झाल्यावर ठरतो. तोवर सगळे महत्त्वाचे निर्णय होऊन गेलेले असतात. आधी प्रारूप प्रभागरचना येते आणि तिच्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. त्या दिवसांत कार्यालयात गर्दी असते ती आजी-माजी नगरसेवक आणि त्यांच्या माणसांची. नाल्याची किंवा रेल्वे रुळांची नैसर्गिक हद्द सोडून एखादी वस्ती मधूनच कापली गेली असेल, तर ते नकाशावर दाखवून सुनावणीत मांडता येते. मग आरक्षणाची सोडत. मग प्रभागनिहाय प्रारूप मतदार यादी आणि तिच्यावरच्या हरकती. शेजारच्या प्रभागात ढकललेल्या इमारती, मेलेल्या माणसांची नावे, दुबार नावे, सगळे याच आठवड्यांत पकडायचे असते. ज्याने ही यादी दारोदार नेऊन तपासली, त्याचा अर्धा प्रचार आपोआप झालेला असतो, कारण त्या निमित्ताने तो प्रत्येक घरात गेलेला असतो. अर्जासोबतची कागदपत्रे, थकबाकी नसल्याचा दाखला, जात पडताळणी, अपत्यांबाबतचे घोषणापत्र, मालमत्ता आणि गुन्ह्यांचे शपथपत्र, सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्या, ही शेवटच्या दोन दिवसांची कामे नव्हेत. छाननीत बाद झालेले अर्ज पाहिले तर त्यांत नवख्यांचे किती असतात हे कुणाही वकिलाला विचारावे.

आणि पडायची तयारी हवी. एकदा पडला म्हणजे संपला, अशी आपली समजूत आहे. एखाद्या लहान प्रभागात पहिल्याच खेपेला अठराशे मते घेऊन तिसऱ्या क्रमांकावर राहिलेला माणूस निवडणुकीनंतर निवेदन घेऊन वॉर्ड ऑफिसात गेला, तर त्याच्यामागे किती लोक आहेत हे अधिकाऱ्याला आकड्यात माहीत असते. निवडून आलेल्या नगरसेवकालाही माहीत असते. पुढच्या वेळी तो कुठून सुरुवात करणार हे मतमोजणीचे केंद्रनिहाय तक्ते सांगतात. मोठ्या प्रभागात ही दुसरी संधी मिळत नाही, कारण पहिल्या निवडणुकीतच सगळी जमवलेली ताकद आणि पैसा संपलेला असतो.

उभे राहणारेच नसले तर काय होते हेही आपण पाहिले. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत कितीतरी जागा बिनविरोध गेल्या. त्या प्रभागांतल्या मतदारांना त्या जागेसाठी मत द्यायची संधीच मिळाली नाही. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये असा आदेश काढला होता की स्थानिक निवडणुकीत ‘वरीलपैकी कुणीही नाही’ला सर्वाधिक मते पडली तर ती निवडणूक पुन्हा घ्यायची. चांगला आदेश. पण यंत्रावर ते बटण असायला आधी मतदान व्हावे लागते, आणि मतदान व्हायला किमान दोन उमेदवार लागतात. म्हणून एकच अर्ज उरला तरी मतदान घ्यावे आणि त्या एकट्यालाही त्या बटणापेक्षा जास्त मते मिळवायला लावावीत, ही मागणी मी प्रभागाच्या मागणीसोबत जोडतो.

या मागण्यांची वेळ निवडणुकीच्या वर्षात येत नाही. २०२७ मध्ये जनगणना होत आहे आणि पुढची प्रभागरचना नव्या लोकसंख्येवर होईल. आजच्या ८५ हजारांच्या जागी तेव्हा कोणता आकडा येईल याची कल्पना शहरात राहणाऱ्या प्रत्येकाला आहे. महापालिका कायद्यात एक प्रभाग एक सदस्य अशी दुरुस्ती, नगरसेवकांची संख्या लोकसंख्येशी बांधून घेणे, आरक्षण सलग दोन निवडणुका ठेवणे, हे तिन्ही विधिमंडळातून व्हायचे आहे आणि रचनेचा नवा आराखडा तयार व्हायच्या आधी व्हायचे आहे. जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या आपल्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना आणि आपल्या आमदाराला हे लेखी विचारावे. चौघांकडून वेगवेगळे उत्तर मागावे आणि आलेली उत्तरे प्रभागात सर्वांना वाचायला द्यावीत.